एंजिन-दोषसूचक दिवा

एंजिन-दोषसूचक दिवा : मोटारगाडीच्या एंजिनातील, विशेषतः एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेतील, बिघाड चालकाच्या निदर्शनास आणून देणारा डॅशबोर्डावरील पिवळा वा नारिंगी दिवा. व्यवहारात तो ‘चेक एंजिन लाइट’ या नावाने ओळखला जातो. हा दिवा दोन प्रकारे पेटतो. तो स्थिर पेटला असता गाडीतील संगणकाने एखादा दोष नोंदविला आहे व त्याची सवडीने, पण टाळाटाळ न करता, तपासणी करावयास हवी, असा अर्थ होतो. तो साधारणपणे सेकंदास एकदा या गतीने लुकलुकू लागला, तर त्याचा अर्थ पेट्रोल गाड्यांत अगदी निश्चित असतो : एंजिनाच्या एका वा अनेक सिलिंडरांतील इंधन पेटत नाही आणि ते न जळता बाहेर पडून निष्कास नळीतील उत्प्रेरकी परिवर्तकाचा नाश करीत आहे. हा भेद बहुसंख्य वाहनधारकांस ठाऊक नसतो. दिवा गाडीच्या काळजीपोटी बसविला आहे, असा सार्वत्रिक समज असून तो अर्धाच खरा आहे. या दिव्याचा उगम शहरांतील दूषित हवेत आहे, आणि त्याचे लुकलुकणे समजून घ्यावयाचे तर त्या इतिहासापासूनच प्रारंभ करावा लागतो.

पूर्वपीठिका : प्रारंभीच्या मोटारगाड्यांत चालकापुढे तेलदाब, पाण्याचे तापमान व विद्युत् भार दाखविणारी काट्यांची मापके असत. अमेरिकेतील हडसन कंपनीने १९३० च्या दशकात तेलदाब व विद्युत् जनित्र यांच्या मापकांऐवजी साधे लाल दिवे वापरण्यास सुरुवात केली. मापक वाचावे लागते, दिवा नुसता दिसतो. म्हणून जाणत्या चालकांनी अशा दिव्यांना ‘मूर्खांचे दिवे’ असे कुत्सित नाव दिले. या दिव्यांमागे एक साधा खटका असे. दाब ठराविक मर्यादेखाली गेला की मंडल पूर्ण होऊन दिवा पेटे, दाब वाढला की विझे. काय घडले होते याची कोणतीही स्मृती मागे राहत नसे.

इंधन पेटते की नाही हे सांगणारे मापक तर कोणत्याच गाडीत नव्हते. ते काम कान करीत. एंजिन अडखळू लागले, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारू’ लागली, की एंजिन चालू ठेवून प्लगांच्या तारा एकेक करून काढण्यात येत. तार काढल्यावर एंजिनाचा आवाज बदलला, तर तो सिलिंडर काम करीत होता असे ठरे. ज्याची तार काढूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या फिअट व पुढे प्रीमियर पद्मिनी गाड्यांवर कित्येक दशके हीच रीत चालली. ती अचूक होती, फुकट होती, आणि तिच्यामागील तर्क आजच्या संगणकीय निदानातही टिकून आहे. तिची उणीव एवढीच, की गाडी मिस्त्रीपर्यंत पोहोचेपर्यंत काही कळत नसे, आणि मधल्या काळात न जळलेले पेट्रोल हवेत जात असे. त्या काळी यात कोणाला काही गैर वाटत नव्हते.

धुरके व कायदे : जुलै १९४३ मध्ये लॉस अँजेल्स शहरावर डोळे झोंबविणाऱ्या दाट धुरक्याचा थर पसरला. युद्धकाळ असल्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडला असावा, अशीही शंका काहींना आली. या धुरक्याचे मूळ शोधण्याचे श्रेय आरी यान हाखन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेत ते अननसाच्या स्वादद्रव्यांचे विश्लेषण करीत होते; तीच पद्धत त्यांनी शहरातील हवेला लावली. मोटारगाड्या व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची विक्रिया होऊन ओझोन व इतर क्षोभक द्रव्ये तयार होतात, असे त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. तेल व मोटार उद्योगांनी हे निष्कर्ष सहजासहजी मान्य केले नाहीत. तथापि १९६६ च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियाने निष्कास वायूंवर मर्यादा घातल्या, १९६७ मध्ये त्या राज्यात हवा-साधनसंपत्ती मंडळाची स्थापना झाली आणि हाखन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे आपण ज्या दिव्याचा विचार करणार आहोत, तो याच मंडळाचे अपत्य होय.

अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे प्रमाण १९७५ च्या गाड्यांत ९० टक्क्यांनी घटवावे, असा दंडक घातला. केवळ कार्ब्युरेटरच्या सुधारणेने ते साध्य होण्यासारखे नव्हते. यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने १९५० च्या दशकातच निष्कास वायूंसाठी उत्प्रेरकी परिवर्तक तयार केला होता, परंतु पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाच्या संयुगांमुळे उत्प्रेरक निकामी होत असल्याने तो मोटारगाड्यांत येऊ शकला नाही. शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाल्यावर १९७५ पासून अमेरिकेतील बहुतेक नव्या गाड्यांत परिवर्तक बसू लागला. मृत्तिकेच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या ठोकळ्यातील असंख्य बारीक नलिकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप, अशी त्याची रचना असते. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे ऑक्सिडीकरण आणि नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे क्षपण ही तिन्ही कामे एकाच परिवर्तकाकडून करून घ्यावयाची, तर वजनी सु. १४·७ भाग हवेस १ भाग पेट्रोल हे प्रमाण फार काटेकोरपणे सांभाळावे लागते. त्यासाठी बॉश कंपनीने निष्कासातील ऑक्सिजन ओळखणारा झिर्कोनियाचा संवेदक विकसित केला आणि व्होल्व्होने १९७७ च्या, कॅलिफोर्नियात विकावयाच्या, गाड्यांत त्याचा वापर केला. संवेदकाने सांगावे व इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी बदलावे, हे काम विद्युत् मंडलांचे होते. अशा रीतीने स्वच्छ हवेच्या आग्रहातून एंजिनात संगणकाचा प्रवेश झाला.

लुकलुकणारी सांकेतिक भाषा : इंधनाचे इलेक्ट्रॉनीय नियंत्रण फोक्सवॅगनच्या १९६८ च्या काही गाड्यांत आधीच आले होते, पण त्या सदृश मंडलास स्वतःतील बिघाड ओळखता येत नव्हता. खरा बदल सूक्ष्मप्रक्रियकामुळे झाला. जनरल मोटर्सने १९८१ च्या आपल्या अमेरिकी प्रवासी गाड्यांत संगणकीय नियंत्रण सरसकट आणले आणि डॅशबोर्डावर ‘चेक एंजिन’ ही अक्षरे असलेला दिवा बसविला. संगणक संवेदकांकडून येणारे विद्युत् दाब तपासी व एखादा दाब अशक्य वाटला की त्याचा क्रमांक स्मृतीत ठेवून दिवा लावी. ऑक्सिजन संवेदकाच्या मंडलास १३, एंजिनातील पाण्याच्या तापमानाच्या संवेदकास १४ व १५, निष्कासात ऑक्सिजन अधिक राहिल्यास ४४, कमी राहिल्यास ४५ असे हे क्रमांक होते.

ते वाचण्याची युक्ती मोठी साधी होती. कारखान्यात जोडणीच्या वेळी तपासणीसाठी ठेवलेल्या जोडखोबणीतील दोन अग्रे तारेच्या तुकड्याने, प्रसंगी कागद अडकविण्याच्या टाचणीने, जोडावयाची व किल्ली फिरवून दिव्याकडे पाहात राहावयाचे. एकदा लुकलुक, थोडा विराम, मग दोनदा लुकलुक म्हणजे १२. हा क्रमांक तीनदा येई. एंजिन बंद असल्याने फिरण्याचे स्पंद मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असून निदानयंत्रणा शुद्धीवर असल्याची ती खूण होती. त्यानंतर साठविलेले दोष एकेक करून येत. क्रायस्लरच्या गाड्यांत किल्ली ठराविक वेळात तीनदा चालू करून लुकलुकी मोजावी लागे व ५५ हा आकडा आला की सांगणे संपले असे समजावे लागे. फोर्डच्या गाड्यांचे क्रमांक व्होल्टमापकाच्या काट्याच्या हेलकाव्यांवरून मोजता येत. होंडाच्या काही गाड्यांत तर दिवा संगणकाच्या पेटीवरच असे आणि ती पेटी आसनाखाली वा पायाखालच्या गालिच्याआड दडलेली असे. प्रत्येक कंपनीची खोबण वेगळी, क्रमांक वेगळे, रीत वेगळी. एका कंपनीच्या गाड्यांत वाकबगार असलेला कारागीर दुसऱ्या कंपनीच्या गाडीपुढे निरक्षर ठरे. मात्र या काळातील लुकलुकणे हे कारागिराने मागितलेले उत्तर होते. गाडी चालत असताना आपण होऊन लुकलुकण्याचा अर्थ त्याला अजून प्राप्त व्हावयाचा होता.

प्रमाणीकरण : गाड्या नव्या असताना स्वच्छ असतात आणि काही वर्षांत घाण होतात, हे कॅलिफोर्नियाच्या मंडळास दिसून आले होते. म्हणून त्याने १९८५ मध्ये नियम करून १९८८ च्या गाड्यांपासून स्वयंनिदान व दोषसूचक दिवा अनिवार्य केला. या पहिल्या पिढीची कुवत मर्यादित होती. तार तुटली वा संवेदक मेला तर ती ओळखे. परंतु संवेदक आळसावला, परिवर्तक निष्प्रभ झाला किंवा सिलिंडर अधूनमधून चुकू लागला, तर तिला पत्ता लागत नसे. १९८९ मध्ये मंडळाने दुसऱ्या पिढीचे नियम केले. १९९० च्या सुधारित स्वच्छ हवा कायद्याने ते तत्त्व देशभर नेले, आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारगाड्या व हलक्या मालगाड्या यांना ही पद्धती लागू झाली. मोटार अभियंत्यांच्या संस्थेने सोळा अग्रांची एकच खोबण, प्रश्नोत्तरांची एकच रीत व क्रमांकांचा एकच कोश ठरवून दिला. ‘पी’ या अक्षराने एंजिन व शक्तिसंक्रमण यांचा बोध होतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी०४२० म्हणजे परिवर्तकाची कार्यक्षमता अपुरी, पी०३०० म्हणजे निरनिराळ्या सिलिंडरांत प्रज्वलन चुकणे, आणि पी०३०१, पी०३०२ अशा मालिकेत शेवटचा आकडा चुकणाऱ्या सिलिंडराचा.

नव्या पद्धतीचा गाभा तारांची तपासणी हा नसून निष्कासाची तपासणी हा आहे. सर्वसाधारणपणे दूषित वायूंचे प्रमाण मर्यादेच्या दीडपट होईल इतका बिघाड झाला की दिवा लागावा, असे सूत्र ठरविण्यात आले. परिवर्तकाच्या पुढे व मागे असे दोन ऑक्सिजन संवेदक बसवून त्याचे काम पारखण्यात येऊ लागले. पेट्रोलच्या टाकीतून वाफ निसटू नये म्हणून सु. १ मिमी. व्यासाच्या छिद्राएवढी गळतीही शोधली जाऊ लागली. त्यामुळे अमेरिकेत टाकीचे झाकण नीट न आवळल्यानेही दिवा लागतो व पुष्कळांची नाहक धावपळ होते. दिवा उगाच लागू नये म्हणून बहुतेक दोष लागोपाठच्या दोन प्रवासांत आढळल्याखेरीज तो पेटत नाही. दोष पुन्हा न आढळल्यास तीन प्रवासांनंतर तो आपोआप विझतो, नोंद मात्र एंजिन सु. चाळीस वेळा तापून थंड होईपर्यंत राहते.

लुकलुकण्याचे कारण : या सबुरीला एकच अपवाद करण्यात आला. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असता त्यात दर सेकंदास १०० वेळा प्रज्वलन होते. त्यांपैकी एक सिलिंडर बंद पडला तर सेकंदास २५ वेळा हवा व पेट्रोल यांचे न जळलेले मिश्रण निष्कासात लोटले जाते. हे मिश्रण तप्त परिवर्तकात पोहोचून तेथे जळते. एरवी सु. ४०० ते ८००° से. तापमानास काम करणारा परिवर्तक त्यामुळे अल्पावधीत १,०००° से.च्या वर जातो. आधी धातूंच्या लेपाचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून त्याचे क्रियाशील क्षेत्रफळ घटते. तापमान आणखी वाढल्यास मृत्तिकेचा ठोकळा वितळून नलिका बुजतात व एंजिनाला श्वास सोडण्यास वाट राहत नाही. गाडी वाळलेल्या गवतावर उभी असल्यास आगीचाही धोका असतो. येथे दुसऱ्या प्रवासाची वाट पाहणे परवडणारे नाही. म्हणून परिवर्तकास इजा करील इतक्या प्रमाणात प्रज्वलन चुकत असेल, तर दिव्याने तत्काळ लुकलुकावे, असा नियम करण्यात आला. त्यासाठी भुजादंडाच्या २०० फेऱ्यांचा हिशेब घेतला जातो. वर दिलेल्या गतीस हे अवघे चार सेकंद होतात. परिवर्तकास धोका नाही, पण प्रदूषण वाढेल, अशा सौम्य प्रमाणासाठी १,००० फेऱ्यांचा हिशेब असून त्यात दिवा स्थिर पेटतो.

प्रज्वलन चुकले हे संगणकास कळते ते बव्हंशी भुजादंडाच्या गतीवरून. भुजादंडास दातेरी चक्र जोडलेले असते. साठ दात्यांच्या जागांपैकी दोन मोकळ्या सोडलेले चक्र सर्रास आढळते. प्रत्येक दाता संवेदकासमोरून जाण्यास लागणारा वेळ मोजला जातो. पेटलेला सिलिंडर दट्ट्यास रेटा देऊन दंडाची गती किंचित वाढवितो, न पेटलेला ती घटवितो. कोणत्या क्षणी गती घटली यावरून सिलिंडराचा क्रमांक निघतो. जुना मिस्त्री कानाने जे टिपत असे, तेच हे. फरक इतकाच, की येथे कान दाते मोजतो. या रीतीची मर्यादाही उघड आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांना बसणारे हादरे उलट वाटेने भुजादंडापर्यंत पोहोचतात व प्रज्वलन चुकल्याचा आभास होतो. म्हणून चाकांच्या गतीच्या संवेदकांवरून रस्ता खडबडीत असल्याचे ओळखून तेवढा वेळ हे निरीक्षण स्थगित ठेवण्याची तजवीज अनेक गाड्यांत असते.

निदान व दुरुस्ती : दिवा लुकलुकू लागताच प्रवेगकावरील पाय उचलावा. चढ, वेग व ओझे यांमुळे सिलिंडरातील दाब वाढून ठिणगीस अधिक विद्युत् दाब लागतो. त्यामुळे दुबळी झालेली यंत्रणा तेथेच प्रथम हरते, आणि भार उतरताच पुष्कळदा लुकलुकणे थांबते. ते थांबल्यास गाडी हळू चालवीत जवळच्या दुरुस्तीगृहात न्यावी. न थांबल्यास व एंजिन थरथरत राहिल्यास गाडी सुरक्षित जागी उभी करून एंजिन बंद करावे व ती ओढून न्यावी. ओढून नेण्याचा खर्च परिवर्तकाच्या किमतीपुढे नगण्य असतो.

पहिले काम क्रमांक वाचणे हे होय. दिवा घालविण्यासाठी बॅटरीची तार सोडण्याचा प्रघात आहे, तो सर्वथा टाळावा. तसे केल्याने दोषाच्या क्षणी एंजिनाची गती, तापमान व भार किती होते याची साठविलेली नोंद पुसली जाते आणि कारागिराच्या हातचा सर्वांत मोलाचा पुरावा नाहीसा होतो. पी०३०० आल्यास दोष सर्व सिलिंडरांना समाईक असलेल्या गोष्टींत, म्हणजे इंधनाचा दाब, पाणी मिसळलेले पेट्रोल, हवेच्या नळीतील गळती यांत शोधावा. एकाच सिलिंडराचा क्रमांक आल्यास त्याचा स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर व झडपा यांकडे वळावे.

यापुढील रीत जुन्या मिस्त्रींच्या तारा काढण्याच्या रीतीची सख्खी बहीण आहे. अलीकडच्या बहुतेक एंजिनांत प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल असते. पहिल्या सिलिंडराची कॉइल तिसऱ्यावर व तिसऱ्याची पहिल्यावर बसवून, नोंद पुसून, गाडी पुन्हा चालवावी. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलीबरोबर सरकला, म्हणजे कॉइल दोषी. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगाची अशीच अदलाबदल करावी. एकही नवा भाग विकत न घेता निम्म्याहून अधिक प्रश्न येथेच सुटतात. प्लगाचे तोंड पाहणेही उद्‌बोधक असते. त्यावर कोरडी काळी काजळी असल्यास इंधन अधिक, पांढुरके भाजलेले असल्यास इंधन कमी वा उष्णता अधिक, ओले तेलकट असल्यास दट्ट्याची कडी किंवा झडपांचे तेलरोधक झिजलेले, असा अदमास बांधता येतो. प्लगाच्या विहिरीत तेल वा पावसाचे पाणी साचले असेल, तर ठिणगी आडवाटेने धातूत उतरते. प्लग व कॉइल दोन्ही निर्दोष ठरल्यास इंजेक्टर, आणि अखेरीस सिलिंडराचे संपीडन तपासावे. संपीडन कमी असल्यास प्लगाच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. ते वाढले तर कडी झिजल्या आहेत. न वाढल्यास झडप जळाली आहे अथवा सिलिंडर-शीर्षाची गॅस्केट फुटली आहे. या टप्प्यावर काम मोठे होते.

क्रमांक हा आरोपी नसून साक्षीदार आहे, हे विसरल्यामुळे होणारे नुकसान फार मोठे आहे. पी०४२० वाचून महागडा परिवर्तक बदलला जातो, आणि ज्या चुकणाऱ्या सिलिंडराने जुना परिवर्तक जाळला तो तसाच राहून नवाही जाळतो. पी०१७१ वाचून ऑक्सिजन संवेदक बदलला जातो, वास्तविक हवेच्या फाटक्या नळीची बातमी प्रामाणिकपणे सांगणारा तोच असतो. ही चूक यंत्राची नव्हे. कोणता भाग बदलावा हे सांगण्याचे काम या पद्धतीवर कायद्याने कधी सोपविलेलेच नव्हते. निष्कास बिघडला आहे एवढे सांगण्याचे सोपविले होते.

फसवणूक व माहितीचा हक्क : ज्या दिव्यामुळे उत्पादकास हमीच्या काळात फुकट दुरुस्ती करून द्यावी लागते, तो दिवा न लागण्यातच उत्पादकाचा तात्कालिक लाभ असतो. प्रज्वलन चुकण्याच्या निरीक्षणाबाबतच याचा प्रत्यय आला. सु. १६ लाख गाड्यांत या निरीक्षणाचा काही भाग निष्क्रिय ठेवला, असा आरोप अमेरिकी शासनाने अमेरिकन होंडा कंपनीवर ठेवला आणि १९९८ मध्ये कंपनीने सु. २६ कोटी ७० लाख डॉलर खर्चाची तडजोड केली. वाढीव मुदतीची हमी हा तिचा मोठा भाग होता. सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आलेले फोक्सवॅगनचे प्रकरण याहून गंभीर होय. जगभरातील सु. १ कोटी १० लाख डीझेल गाड्यांच्या संगणकात, चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते निष्कास स्वच्छ ठेवणारी आज्ञावली होती. रस्त्यावर नायट्रोजनाची ऑक्साइडे मर्यादेच्या कित्येक पट बाहेर पडत असतानाही त्या गाड्यांतील दिवे विझलेलेच राहिले. ही लबाडी दिव्याने नव्हे, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीच्या मागे मापनयंत्र बांधून रस्त्यावर केलेल्या मोजणीतून बाहेर आली. तपासणारा आणि तपासला जाणारा एकच संगणक असल्याने निर्माण होणारा हा पेच आहे.

दिवा लावण्याबरोबर तो वाचावयाचा कोणी, हाही प्रश्न होता. १९९० च्या अमेरिकी कायद्याने निष्कासासंबंधीची दुरुस्तीविषयक माहिती कंपनीच्या विक्रेत्यांबरोबर स्वतंत्र कारागिरांनाही द्यावी, असे बंधन घातले. हे कलम नसते तर नाक्यावरील दुरुस्तीगृहे १९९६ नंतर फार काळ तग धरती ना. उरलेल्या यंत्रणांच्या माहितीसाठी मॅसॅचूसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला, आणि गाडीतून बिनतारी मार्गाने थेट कंपनीकडे जाणाऱ्या माहितीपुरता त्याचा विस्तार २०२० मध्ये करण्यात आला.

इतर देश व भारत : यूरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना हे बंधन २००० – ०१ मध्ये व त्यानंतर डीझेल गाड्यांना लागू झाले. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल व नव्या गाड्यांत उत्प्रेरकी परिवर्तक आले, आणि २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर थांबली. १ एप्रिल २०१० रोजी भारत टप्पा-४ ची मानके प्रथम निवडक शहरांत लागू झाली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही होती. त्याच वेळी स्वयंनिदानाचा पहिला टप्पा आला. त्यात मुख्यत्वे विद्युत् मंडलांची अखंडता तपासली जाई. प्रज्वलन व परिवर्तक यांचे खरे निरीक्षण १ एप्रिल २०१३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात आले. गाड्या मानकांना उतरतात की नाही याच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांत १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत वाहनाच्या नियतकालिक तपासणीत हीच खोबण जोडून संगणकाची साक्ष घेतली जाते. भारतात प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी निष्कास नळीच्या तोंडाशी वायू मोजण्याची पद्धत रुजली. त्यामुळे दिवा पेटलेली गाडी उभ्या एंजिनाच्या त्या अल्पशा चाचणीत उत्तीर्ण होऊन वर्षभर रस्त्यावर राहू शकते.

महाराष्ट्रातील शहरांत संपीडित नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, चालणाऱ्या गाड्या मोठ्या संख्येने आहेत. या वायूचे मिश्रण पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक विद्युत् दाबाची ठिणगी लागते. परिणामी पेट्रोलवर आणखी काही हजार किमी. निभावून गेला असता असा प्लग वा अशी कॉइल वायूवर आधी हरते, आणि घाटात चढावर दिवा लुकलुकतो. अशा वेळी इंधनाचा खटका पेट्रोलवर फिरवून पाहावा. लुकलुकणे थांबल्यास संशयाचे क्षेत्र ठिणगी व वायूचा पुरवठा एवढ्यापुरते आकसते. न थांबल्यास दोष एंजिनातच आहे. सोळा अग्रांच्या खोबणीत बसून मोबाइल फोनशी बिनतारी बोलणारी, काही शे रुपयांची वाचनयंत्रे आता गल्लीतील गॅरेजांतही पोहोचली आहेत व क्रमांक वाचणे ही कंपनीच्या दुरुस्तीगृहांची मक्तेदारी उरलेली नाही. दुचाकींना भारत टप्पा-६ बरोबर १ एप्रिल २०२० पासून स्वयंनिदानाचा पहिला टप्पा लागू झाला, आणि एंजिनाच्या आकृतीचा तो पिवळा दिवा मोटारसायकली व स्कूटर यांच्या फलकांवरही दिसू लागला.